तेलाने माखलेली माती आणि तिच्यातील बुरशी

नायजेरियाच्या दक्षिणेला, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात, ओगोनीलँड नावाचा साधारण १००० चौरस किलोमीटरचा मुलूख आहे. लोक शेती आणि मासेमारी करणारे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे खनिज तेल काढले गेले. स्थानिकांच्या विरोधामुळे १९९३ मध्ये उत्पादन थांबले, पण नळवाहिन्या राहिल्या आणि गळतीही राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये या भागाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. शेल कंपनीच्या नोंदींनुसार जेथील सफाई पूर्ण झाली होती, अशा १५ जागा या पाहणीत पुन्हा तपासल्या गेल्या. त्यांपैकी १० जागी तेलाचे प्रमाण सफाई संपवण्यासाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्तच निघाले. एकूण पाहणीत ४९ ठिकाणी तेल किमान ५ मीटर खोलीपर्यंत पोहोचलेले आढळले.

सफाईची पद्धत साधी होती. वरची माती नांगरायची, तिच्या ओळी लावायच्या, खत टाकायचे आणि पुढचे काम मातीतील सूक्ष्मजीवांवर सोपवायचे. या तत्त्वात चूक काही नाही. जैवउपचाराच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हेच लिहिलेले असते. मग ते फसले का, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. जेथे आकडा मर्यादेखाली गेला, तेथील माती बरी झाली असे म्हणता येईल का? त्याचे उत्तर शोधताना मातीतील बुरशीकडे पाहावे लागते. पाठ्यपुस्तकात तिला कवक म्हणतात. आपण येथे दोन्ही शब्द वापरू.

तेल मातीत गेल्यावर

कच्चे तेल हा एक पदार्थ नाही, हजारो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. अभ्यासाच्या सोयीसाठी त्याचे चार गट करतात. पहिला संपृक्त हायड्रोकार्बनांचा. यात सरळ साखळीचे आणि फांद्या असलेले अल्केन व संपृक्त वलयी संयुगे येतात. दुसरा सुगंधी हायड्रोकार्बनांचा; यात एका वलयाच्या बेंझीनपासून पाच वलयांच्या बेंझोपायरीनपर्यंत सारे आले. उरलेले दोन गट राळ आणि अस्फाल्टीन, म्हणजे डांबराच्या जातीचे जड रेणू. मध्यम लांबीच्या सरळ साखळ्या सूक्ष्मजीव आवडीने खातात. वलयांची संख्या वाढत जाते तसे खाणारे कमी होत जातात. अस्फाल्टीनला जवळजवळ कोणी हात लावत नाही.

गळतीनंतर हलके घटक पहिल्या काही दिवसांत उडून जातात, पण जाण्याआधी तेच सर्वाधिक घात करतात. ते पेशीपटलाच्या मेदात विरघळतात आणि पटल गळके होते. जड घटक मातीच्या कणांवर लेप चढवून बसतात.

हा लेप काय करतो ते पाहण्यासाठी यंत्रे लागत नाहीत. एखाद्या जुन्या गॅरेजच्या आवारातली तेलकट माती आणा, सावलीत वाळवा, सपाट करा आणि तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवा. थेंब ५ सेकंदांच्या आत मुरला तर माती पाणी घेणारी मानतात. तेलकट मातीवर तो मोत्यासारखा बसून राहतो, कधी काही मिनिटे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर अशा जमिनीला नीट वाफसा येतच नाही. पाऊस पडला की पाणी वरून वाहून जाते; जेथे मुरते तेथे तेलाने बुजलेल्या छिद्रांमुळे निचरा होत नाही.

हवा आणि नत्र यांचा हिशेब

विद्यार्थ्यांनी येथे पेन्सिल हातात घ्यावी. १ किलो मातीत २० ग्रॅम तेल, म्हणजे २ टक्के, असे समजू. गळतीच्या जागी हे प्रमाण काही फार नाही. तेलातील सरासरी एकक एक कार्बन आणि दोन हायड्रोजन असे धरले, तर त्याचे वजन १४ एकके होते आणि ते पूर्ण जाळून कार्बन डायऑक्साइड व पाणी करायला ४८ एकके ऑक्सिजन लागतो. म्हणजे १ ग्रॅम तेलाला सुमारे ३.४ ग्रॅम आणि २० ग्रॅमना सुमारे ६८ ग्रॅम ऑक्सिजन हवा.

आता मातीत तो किती आहे? मातीची घनता दर घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम धरली, तर १ किलो मातीचे आकारमान सुमारे ७७० मिलिलिटर. त्यातील २० टक्के जागा हवेने भरलेली असेल तर हवा १५४ मिलिलिटर आणि तीत ऑक्सिजन ३२ मिलिलिटर. वजनात हे फक्त ०.०४ ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे हे तेल पूर्ण जाळायचे तर मातीतील सगळी हवा साधारण १६०० वेळा बदलावी लागेल. प्रत्यक्षात कार्बनचा काही भाग सूक्ष्मजीवांच्या शरीरात जातो, म्हणून गरज थोडी कमी असते. पण हिशेबाचा रोख बदलत नाही.

वरच्या वीत-दीड वीत थरात नांगरट करून हे जमते. ५ मीटर खाली जमत नाही. ओगोनीलँडमध्ये तेल खोल जाणार नाही असे गृहीत धरले होते, कारण मध्ये चिकणमातीचा थर आहे असा समज होता. तसा सलग थर तेथे नाही, असे अहवालाने दाखवले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे येथेच मिळते.

नत्राचा हिशेबही असाच डोळे उघडणारा आहे. तेलात वजनाने सुमारे ८५ टक्के कार्बन असतो, म्हणजे आपल्या १ किलो मातीत १७ ग्रॅम. जैवउपचारात १०० भाग कार्बनमागे १० भाग नत्र आणि १ भाग स्फुरद असे प्रमाण ढोबळमानाने धरतात. त्यानुसार १.७ ग्रॅम नत्र लागेल. १५ सेंटिमीटर खोलीच्या एका हेक्टरात सुमारे १९.५ लाख किलो माती असते. तेव्हा नत्राची गरज हेक्टरी ३३०० किलोच्या घरात जाते. आपल्याकडील मृदा परीक्षणात उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी असेल तर जमीन नत्रात कमी समजतात. यावरून अंदाज यावा. युरियाने ही गरज भागवायची तर हेक्टरी ७ टन लागेल. तो एकदम टाकला तर क्षार आणि अमोनियाने उरलेसुरले जीवही मरतील. म्हणून खत हप्त्यांनी द्यावे लागते. खत दिलेच नाही, तर तेल खाणारे सूक्ष्मजीव मातीतील आहे ते नत्र ओढून घेतात आणि झाडे पिवळी पडतात. तेलकट जमिनीत झाड विषाने मेले की उपासमारीने, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

बुरशीची कामाची रीत

तेल खाणारे सूक्ष्मजीव म्हटले की जिवाणू आठवतात, आणि त्याला कारणही आहे. आपल्या देशात दिल्लीच्या टेरी संस्थेने विकसित केलेले, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या गाळावर वापरले जाणारे ऑइलझॅपर हे मिश्रण जिवाणूंचेच आहे. जिवाणू झपाट्याने वाढतात आणि वाढवून पिशव्यांत भरता येतात. पण त्यांची एक मर्यादा आहे. पोहायला पाण्याचा पापुद्रा लागतो, आणि तेलकट मातीत तो जागोजागी तुटलेला असतो.

बुरशीचे तसे नाही. तिचे तंतू काही मायक्रोमीटर जाडीचे असतात आणि टोकाकडून वाढत जातात. पाण्याने भरलेल्या छिद्रातून निघून हवेची पोकळी ओलांडून ते पलीकडच्या छिद्रात शिरू शकतात. तंतूंच्या पृष्ठभागावरील हायड्रोफोबिन नावाची प्रथिने त्यांना पाण्याच्या पृष्ठताणातून बाहेर पडायला मदत करतात. गंमत अशी की जिवाणूही याचा फायदा घेतात. तंतूंवरच्या पातळ ओलाव्यातून ते सरकत जातात आणि एरवी न पोहोचणाऱ्या तेलापर्यंत पोहोचतात. जर्मनीतील लाइपझिगच्या संशोधकांनी २००५ मध्ये हे दाखवून त्याला कवकांचा महामार्ग असे समर्पक नाव दिले. तेव्हा बुरशीने स्वतः किती तेल खाल्ले एवढेच मोजले, तर तिचे अर्धे काम नजरेतून सुटते.

स्वतः खाण्याच्याही तिच्या दोन रीती आहेत. पहिली पेशीच्या आत चालते. सरळ साखळीच्या टोकाला सायटोक्रोम पी-४५० गटाची विकरे, म्हणजे एन्झाइम, ऑक्सिजनचा एक अणू बसवतात; साखळीचे आधी अल्कोहोल, मग अल्डिहाइड, मग मेदाम्ल होते, आणि ते नेहमीच्या मेदाप्रमाणे दोन-दोन कार्बनांनी तोडले जाते. हे करणाऱ्या बुरशी दुर्मीळ नाहीत. अमॉर्फोथिका रेझिनी ही बुरशी विमानांच्या इंधनटाक्यांत थोडे पाणी साचले तरी वाढते आणि गाळण्या बुजवते. वैमानिकी क्षेत्रात ती जुनी डोकेदुखी आहे. यारोविया लिपोलिटिका या यीस्टला अल्केनवर वाढवून ब्रिटिश पेट्रोलियम कंपनीने १९७० च्या दशकात गुरांसाठी प्रथिनयुक्त खाद्यही तयार केले होते.

दुसरी रीत पेशीच्या बाहेरची, आणि माझ्या मते तीच बुरशीची खरी ओळख आहे. लाकडातील लिग्निन हा वेड्यावाकड्या जोडणीचा प्रचंड रेणू. तो पेशीत घेता येत नाही, म्हणून लाकूड कुजवणाऱ्या श्वेतकुज बुरशी लिग्निन पेरॉक्सिडेज, मँगनीज पेरॉक्सिडेज आणि लॅकेज ही विकरे बाहेर सोडतात. ही विकरे कुलूप-किल्लीसारखी एकाच रेणूला बसणारी नाहीत; ती इलेक्ट्रॉन ओढून घेणारे अतिक्रियाशील मूलक तयार करतात आणि ते समोर येईल त्यावर हल्ला करतात. चार-पाच वलयांचे सुगंधी हायड्रोकार्बन रचनेने लिग्निनच्या जवळचे, म्हणून तेही सापडतात. फॅनेरोकीटे क्रायसोस्पोरियम ही बुरशी बेंझोपायरीन आणि डीडीटी दोन्ही तोडते, हे १९८५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातून पुढे आले आणि या विषयाला एकदम उधाण आले.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. तोडणे म्हणजे संपवणे नव्हे. वलयांवर ऑक्सिजन बसला की बऱ्याचदा क्विनोन किंवा डायहायड्रोडायॉल तयार होतात. हे मूळ रेणूपेक्षा पाण्यात जास्त विरघळतात, म्हणून मुळांपर्यंत आणि विहिरीपर्यंत सहज जातात. त्यांतील काही मूळ रेणूंपेक्षा अधिक विषारीही असतात. पण प्रयोगशाळेत एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन मोजताना ध्रुवीय संयुगे बहुधा सिलिका जेलने गाळून टाकली जातात. आकडा खाली येतो, विषारीपणा तेवढा उतरत नाही. चांगल्या परिस्थितीत पुढे जिवाणू या अर्धवट तुकड्यांचा ताबा घेतात आणि काम तडीस नेतात. बुरशी आणि जिवाणू दोन्ही जागेवर हवेत ते यासाठी.

समुदायाचे काय होते

एका बुरशीची करामत पाहणे सोपे आहे. समुदायाचे चित्र तसे नाही. साध्या मूठभर मातीत बुरशीच्या शेकडो जाती असू शकतात. पालापाचोळा कुजवणाऱ्या, लाकडावरच्या, रोगकारक, कीटकांवरच्या, सूत्रकृमींना फासात पकडणाऱ्या आणि मुळांशी भागीदारी करणाऱ्या. तेल पडल्यावर यांतील संवेदनशील जाती आधी जातात. मग अॅस्पर्जिलस, पेनिसिलियम, फ्युझेरियम, ट्रायकोडर्मा, सेडोस्पोरियम आणि काळ्या यीस्टसारख्या चिवट प्रजातींचे प्राबल्य वाढते. त्यांतील बऱ्याच अल्केन खाणाऱ्या असतात, म्हणून बुरशीचे एकूण वजन कधीकधी स्वच्छ मातीपेक्षाही जास्त भरते. अहवालात ‘कवक जैववस्तुमानात वाढ’ असे वाचून हुरळून जाऊ नये. डोकी वाढली, पण व्यवसाय गेले.

सर्वांत मोठे नुकसान मूळसहजीवी बुरशींचे होते. मुळांच्या पेशींत झुडपासारख्या रचना करून राहणाऱ्या या आर्बस्क्युलर बुरशी जमिनीवरील बहुसंख्य वनस्पतींशी जोडलेल्या असतात. ज्वारी, मका, कापूस, चहा, आंबा सगळ्यांशी. मुळे जेथे पोहोचत नाहीत तेथून त्या स्फुरद आणून देतात, बदल्यात साखर आणि मेद घेतात, आणि आपल्या जाळ्याने मातीचे कण एकत्र बांधतात. त्या तेलावर जगू शकत नाहीत. झाड हेच त्यांचे एकमेव अन्न. झाड मेले की काही काळ बीजाणूंच्या रूपात टिकतात आणि मग संपत जातात. नंतर लावलेले रोप स्फुरदावाचून खुरटते, आणि खुरटलेले रोप बुरशीला पोसू शकत नाही.

आता जैवउपचाराकडे परत येऊ. नांगरटीने हवा मिळते, पण प्रत्येक फेरीत मूळसहजीवी तंतूंचे जाळे तुटते. भरपूर स्फुरद दिले की झाडाला भागीदाराची गरज उरत नाही आणि मुळांतील बुरशीचे प्रमाण घटते. आणि सर्वांत बोचरी गोष्ट नत्राची. फॅनेरोकीटे क्रायसोस्पोरियम आपली लिग्निन तोडणारी विकरे नत्राची उपासमार झाली की सोडते. नत्र मुबलक असेल तर ती दबलेली राहतात. ज्या खताने जिवाणू अल्केन भराभर संपवतात, तेच खत अशा बुरशीला मोठ्या वलयांकडे वळू देत नाही. सगळ्या श्वेतकुज बुरशी इतक्या कडक नसतात, पण अडचण खरी आहे. तेलाचा आकडा लवकर उतरवणारा उपाय आणि बुरशीचा समुदाय परत आणणारा उपाय नेहमी एकच नसतो.

यावर बाहेरून धिंगरी अळिंबी आणून मातीत मिसळावी, असे सुचवले जाते. कुंडीत ते छान चालते. शेतात मात्र ही लाकडावरची पाहुणी मातीतल्या स्थानिक जिवाणू-बुरशींपुढे टिकत नाही. तिच्यासोबत शिदोरी म्हणून भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा भरपूर द्यावा लागतो, आणि तो पेंढा स्वतःही नत्र अडकवतो. मला व्यवहार्य वाटतो तो क्रम असा: आधी खत आणि हवा देऊन साखळ्या संपवणे, मग खत थांबवून पेंढ्यासह श्वेतकुज बुरशीला संधी देणे, आणि शेवटी नांगरट बंद करून गवत व शेजारच्या निरोगी शेतातील मूठमूठ माती आणून लावणे. यात वर्षे जातात. ओगोनीलँडच्या पुनरुज्जीवनाला २५ ते ३० वर्षे लागतील, असा अहवालाचा अंदाज होता.

प्रत्येक गळती वेगळी

आसाममधील तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान येथील ऑइल इंडियाच्या विहिरीचा २७ मे २०२० रोजी स्फोट झाला, ९ जूनला आग लागली आणि विहीर नोव्हेंबरच्या मध्यास पूर्ण बंद झाली. तेथे वायूबरोबर कंडेन्सेट, म्हणजे अतिशय हलके द्रव हायड्रोकार्बन, उडून आसपासच्या चहामळ्यांवर, शेतांवर आणि मगुरी-मोटापुंग बिलावर पडले. अशा हलक्या तेलाचे मातीतील प्रमाण उडून जाण्यामुळेच पटकन घटते, पण पहिल्या काही दिवसांतला विषारी मारा तीव्र असतो. जड कच्च्या तेलाचे उलट: मारा सौम्य, मुक्काम लांब. दोन्हींना ‘इतके मिलिग्रॅम प्रतिकिलो’ हीच एक फूटपट्टी लावली तर पहिल्यात नुकसान दिसणार नाही आणि दुसऱ्यात पुनर्भरण.

काय मोजावे

तेल खरोखर जीवांनी खाल्ले की नुसते उडाले अथवा चांगल्या मातीत मिसळून पातळ झाले, हे ओळखायची एक जुनी युक्ती आहे. सतरा कार्बनांची सरळ साखळी आणि प्रिस्टेन हे फांद्यांचे हायड्रोकार्बन जवळजवळ सारख्याच वेगाने उडतात, पण सूक्ष्मजीव सरळ साखळी आधी खातात. क्रोमॅटोग्राफवर या दोघांचे गुणोत्तर घसरले तर जीव कामाला लागलेत. एकूण आकडा निम्मा होऊनही गुणोत्तर तेच राहिले, तर बहुधा नांगराने तेल फक्त पसरवले आहे. पुढे प्रिस्टेनही खाल्ले जाते, तेव्हा त्याहून चिवट होपेनशी तुलना करतात.

बुरशीसाठी बटाटा-डेक्स्ट्रोज माध्यमाच्या बशा आपल्या महाविद्यालयांत नेहमीच्या आहेत. त्या वापराव्यात, पण भरपूर बीजाणू सोडणाऱ्या अॅस्पर्जिलस आणि पेनिसिलियम तेथे अवाजवी मोठ्या दिसतात, आणि मूळसहजीवी बुरशी तर बशीत वाढतच नाहीत. समुदाय पाहायचा तर डीएनएचा आयटीएस हा भाग वाचतात. २०१२ मध्ये तो बुरशीच्या ओळखीचा प्रमाणित पट्टा म्हणून सुचवला गेला. मात्र मेलेल्या पेशींचा डीएनए मातीत बराच काळ राहतो, म्हणून गळतीनंतर लगेच घेतलेला नमुना खोटा दिलासा देऊ शकतो.

ज्यांच्याकडे यांतले काही नाही त्यांनी तेलकट आणि स्वच्छ अशा दोन्ही मातींत मका किंवा ज्वारी लावावी. मोहरी नको, तिच्या कुळाच्या मुळांत ही बुरशी राहतच नाही, आणि नेमकी तीच अनेकदा चाचणीसाठी घेतली जाते. सहा आठवड्यांनी बारीक मुळे धुऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात पारदर्शक होईपर्यंत उकळावीत, त्या वेळी हातमोजे आणि चष्मा घालावा. मग फाउंटन पेनची शाई घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ती तीन मिनिटे उकळावीत आणि व्हिनेगरचे थेंब टाकलेल्या पाण्यात ठेवावीत. सूक्ष्मदर्शकाखाली मुळे फिकट आणि बुरशीचे तंतू शाईच्या रंगात दिसतात. मुळांचे १०० तुकडे तपासून त्यांपैकी किती तुकड्यांत तंतू आहेत ते मोजावे, आणि तो आकडा तेलाच्या आकड्याशेजारी लिहावा.